बंगल्यातलं शेवटचं दार

एप्रिलात भर दुपारी करंट जातो, कोपऱ्यातला इन्व्हर्टर टक् करतो आणि पंखा फिरत होता तसाच फिरत राहतो. रायापूरच्या या नव्या घरात उन्हाळा असा बिनबोभाट पार पडतो. शेजारणी म्हणतात, बरं झालं की, घाम नाही, डास नाहीत. मी मान डोलावते. पण खरं सांगायचं तर त्या 'टक्'चा मला राग येतो. करंट गेला की क्षणभर सगळं थांबावं, पंख्याची पाती एकेक दिसायला लागावीत आणि आतून कुणीतरी "गेला बघ!" म्हणून ओरडावं, एवढीच माझी अपेक्षा असते. हुबळीतच केशवापूरला आमचं जुनं घर होतं, तिथं ते ओरडणं अप्पांचं असायचं, आणि त्यात वैतागापेक्षा सुटकाच जास्त असायची. कारण करंट गेला की आम्हाला ते दार उघडावं लागत नसे.

दार घरातलं नव्हे, कॉम्प्युटरच्या खेळातलं. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. माझी पीयूसीची, म्हणजे बारावीची, परीक्षा झाली होती, निकाल लागायचा होता. अप्पा रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर. पायावर लोखंड पडून त्यांच्या घोट्याचं हाड मोडलं होतं, आणि गुडघ्यापर्यंत प्लास्टर घालून ते उन्हाळाभर घरी होते. आयुष्यात कधी सुट्टी न घेतलेला माणूस घरी बसला की घरातल्यांचं काय होतं, ते ज्यांच्या घरी असा माणूस आहे त्यांनाच ठाऊक. आईनं तर प्लास्टर त्यांच्या पायापेक्षा तोंडाला घालायला हवं होतं, असं जाहीर करून टाकलं होतं. त्यातच मामाचा कॉम्प्युटर आमच्याकडे आला. मामाचा जुन्या हुबळीत टायपिंगचा आणि कॉम्प्युटरचा क्लास होता. सुट्टीत क्लासचं छप्पर दुरुस्तीला काढलं, म्हणून एक मशीन त्यानं रिक्षात घालून आमच्या घरी आणून ठेवलं. "धूळ बसू देऊ नका म्हणजे झालं, बाकी काय पण करा," असं सांगून तो गेला. बरोबर सीड्यांचा एक डबा होता. त्यात तो खेळ होता.

खेळाचं नाव इंग्रजीत होतं, लांबलचक. आम्ही त्याला 'बंगला' म्हणायचो. एक मुलगी हरवलेल्या बहिणीला शोधत एका ओसाड बंगल्यात शिरते. तिच्या हातात एक बॅटरी, तीही मिणमिणती. बंदूक नाही, सुरा नाही, साधी काठीसुद्धा नाही. बंगल्यात कुणीतरी पाय ओढत चालतं. ते दिसत नाही, नुसतं ऐकू येतं. आवाज जवळ आला की कपाटात शिरायचं, श्वास रोखायचा, आवाज लांब गेला की बाहेर यायचं आणि पुढची खोली शोधायची. बस, खेळ एवढाच. आणि वरच्या मजल्यावर, बोळाच्या टोकाला, एक दार होतं. पाय ओढल्याचा आवाज नेहमी त्या दाराशी जाऊन थांबायचा.

आता आमच्या घरात भूत नव्हतं, हे सांगायला हवं. भूतच काय, दृष्ट, अमावस्या, अंगात येणं, यातलं काहीच नव्हतं. आम्ही बौद्ध, आणि अप्पा त्यातले कडक. विहारात दर जयंतीला उभे राहून ठणकावून सांगायचे, "भूत नसतं. असलं तर मला दाखवा, मी त्याला वर्कशॉपात कामाला लावतो!" लोक हसायचे, टाळ्या वाजवायचे. मला अभिमान वाटायचाच. पण शाळेत मधल्या सुट्टीत मैत्रिणी चिंचेवरच्या हडळीच्या गोष्टी रंगवून सांगायला लागल्या की मी मुकी व्हायचे. प्रत्येकीच्या घरी एकेक भूत होतं, माझ्याकडे सांगायला एकही नव्हतं. त्यामुळे डब्यात 'बंगला' सापडला तेव्हा घरी चोरून काहीतरी आणल्यासारखं वाटलं.

पहिल्या दुपारी अप्पा मागच्या खाटेवर प्लास्टरचा पाय स्टुलावर ठेवून बसले होते.

"काय लावलीस गे ते?"

"भुताचा खेळ आहे, अप्पा."

"भूत नसतं."

"माहीत आहे. खेळ आहे नुसता."

"मग बघूया की," ते म्हणाले, आणि खाट पुढे ओढायला लावली.

उजेडात पडदा दिसेना, म्हणून खिडकीवर घोंगडं टाकलं आणि दारावर आईची हिरवी साडी लावली. बाहेर एप्रिलचं ऊन, आत हिरवट अंधार. दोन स्पीकरांपैकी एक बंद होता, म्हणून चालू असलेला अप्पांच्या बाजूला ठेवला. ते ऐकणार, मी चालवणार, अशी वाटणी आपोआप झाली. मी जिने चढले, बोळातून गेले, त्या दाराशी पोचले, कडीवर बाण नेला. तेवढ्यात अप्पांनी माझं मनगट गच्च धरलं.

"ब्याड अव्वा! बागला तगीब्याड!"

नको गं बाई, दार उघडू नको. अव्वा म्हणजे आई, आणि इकडे बाप मुलीलाही लाडानं तेच म्हणतो. पण अप्पा कधी म्हणत नसत. वर्कशॉपात ते दिवसभर कन्नड बोलायचे, घरात मात्र मराठी, आणि तीही शाळेतल्या गुरुजींसारखी स्वच्छ. ही कन्नड मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होते. आवाजही ओळखीचा नव्हता. एखाद्या लहान पोराचा असावा तसा बारीक होता. मी वळून पाहिलं तर विहारातल्या व्याख्यानाचा तो दांडगा माणूस घामाघूम होऊन पडद्याकडे बघत होता, आणि माझं मनगट सोडायचं त्याला सुचत नव्हतं.

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. "काय झालं? कोण मेलं?"

"कोण नाही," अप्पा म्हणाले. "खेळ आहे."

आई इतकी हसली, इतकी हसली, की खाली बसली. "भूत नसतं म्हणे! भित्यापाठी ब्रह्मराक्षस ते हेच!" मग तीही तिथंच बसली. त्या उन्हाळ्यातली आमची बैठक अशी ठरली. मी पुढे, अप्पा खाटेवर, आई जमिनीवर गिरमिटाचं, म्हणजे तिखट चुरमुऱ्यांचं, ताट घेऊन. पाय ओढल्याचा आवाज आला की तिच्या हातून मूठभर चुरमुरे उडायचे. पुढे मामानं मशीन परत नेलं तेव्हा कीबोर्ड उलटा करून झटकला आणि म्हणाला, "अक्का, हा कीबोर्ड आहे की चिवड्याचा डबा?"

एकदा आमच्या किंकाळ्या ऐकून शेजारची नीलव्वा अज्जी धावत आली. "एन आतरी?" काय झालं म्हणून विचारताना हातात मीठ-मिरच्या घेऊनच आलेली. घरात काहीतरी शिरलंय, दृष्ट काढते, म्हणाली. अप्पांनी तिला हात जोडून सांगितलं की आमच्यात ते नसतं. ती गेल्यावर आईनं हळूच विचारलं, "काढू दिली असती तर? तुमची नको, त्या कॉम्प्युटरची काढायची होती." अप्पांना हसू आवरेना.

आणि मला ती दुपार आठवते. मी एकटीच खेळत होते, आई नळावर होती, अप्पा झोपलेत अशी माझी समजूत. स्पीकरमधून पाय ओढल्याचा आवाज येऊ लागला. मी शहाणपणानं कपाटात शिरले, श्वास रोखला. आवाज जवळ आला. आणखी जवळ आला. माझ्या पाठीशीच आला. मी किंचाळून खुर्चीसकट खाली पडले, आणि मागे प्लास्टरचा पाय फरशीवर ओढत पाण्याच्या तांब्यासाठी निघालेले अप्पा माझ्याहून मोठ्यानं किंचाळले. दोघंही जमिनीवर बसून हसत होतो. माझ्या डोक्याला टेंगूळ आलं होतं आणि ते त्यावर फुंकर घालत होते. मी लहान असतानाही त्यांनी मला अशी फुंकर घातल्याचं मला आठवत नाही.

ते दार मात्र उघडलं नाही. रोज तिथपर्यंत जायचं, रोज मनगट धरलं जायचं. कधी करंट जायचा आणि अप्पा "गेला बघ!" म्हणून सुटकेनं ओरडायचे. आई वैतागायची. "उघडा की एकदाचं, आणि जेवायला या." एकदा मी अप्पांना विचारलं, तुम्ही कन्नडमध्ये का भिता? त्यांनी पायाखालचं स्टूल नीट केलं. मग म्हणाले, "आमच्या गावात काही दारं होती. ती आम्ही उघडायची नसत." अळणावरच्या बाजूला त्यांचं गाव. तिथलं लहानपण त्यांनी कधी सांगितलं नाही, त्या दिवशीही याहून जास्त सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. पण त्यानंतर ते मनगट धरायचे तेव्हा मी हात सोडवून घ्यायची घाई करत नसे.

जूनमध्ये छप्पर झालं, मामा मशीन आणि सीड्यांचा डबा घेऊन गेला, क्लासातल्या पोरांसाठी त्यानं ते पुसून साफ केलं. बंगला गेला. दार तसंच बंद राहिलं.

काही वर्षांनी आई आजारी पडली. हॉस्पिटलातल्या दुपारी लांबच लांब असतात. ती खिडकीकडे बघत पडलेली असायची, अप्पा शेजारी बसून मोसंबी सोलत असायचे, मी उशाशी. एक दिवस तिनं एकदम विचारलं, "त्या दाराआड काय होतं गे, शेवटी?"

कोणतं दार हे विचारायची गरज नव्हती. आम्ही ते उघडलंच नाही, हे तिच्या लक्षात नव्हतं. मी म्हणाले, "काही नाही आई. रिकामी खोली होती."

"बघा," ती अप्पांना म्हणाली, "उगाच भ्यायलात दोघं." आणि हसली. फार दिवसांनी हसली. अप्पांनी मोसंबीवरून मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्यांना खरं ठाऊक होतं. पण त्यांनी तिला नुसती एक फोड दिली.

आई गेली, आणि अप्पांची कन्नड गेली. तोवर ते निवृत्त झाले होते, त्यामुळे वर्कशॉपही नव्हतं. उरली ती स्वच्छ मराठी, आणि तीही थोडीशी. जेवलीस का. पोचल्यावर फोन कर. दिवा बंद कर. मी तेव्हा बेंगळूरला नोकरीला होते. महिन्या-दोन महिन्यांनी घरी यायचे तेव्हा ते खाटेवर बसलेले असायचे, नीट दाढी केलेले, इस्त्रीचा शर्ट घातलेले, कुणीतरी येणार असल्यासारखे. विहारात जाणं थांबलं होतं. ना कशाचा राग, ना कशाची भीती. एकदा रस्त्यात बस अगदी अंगावर येईतो बाजूला झाले नाहीत, असं नीलव्वा अज्जीनं मला सांगितलं. मी विचारलं तर म्हणाले, "थांबली की ती."

तेव्हाच मला कळलं की 'बंगल्या'चा दुसरा भाग आलाय. दुकानात सीडी दिसली आणि मी तिथंच उभी राहून रडले, हे कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही. मला खेळ नको होता. मला अप्पा भ्यायला हवे होते. ज्याला भीती वाटते त्याला काहीतरी गमवायचं असतं, म्हणजे त्याच्यापाशी काहीतरी उरलेलं असतं, असं काहीसं माझ्या मनात होतं. मला ते बारीक आवाजातलं "ब्याड अव्वा" एकदा ऐकायचं होतं. तेवढ्यासाठी मी सुट्टी टाकली, आणि आख्खा कॉम्प्युटर गाडीत घालून हुबळीला आले.

पुन्हा एप्रिल, पुन्हा दुपार. खिडकीवर घोंगडं टाकलं. ट्रंकेतून आईची हिरवी साडी काढली तर अप्पा म्हणाले, "ती नको. चादर लाव." मी चादर लावली. आता दोन्ही स्पीकर चालू होते, तरी एक त्यांच्या बाजूला ठेवला. मी पुढे बसले, ते मागे खाटेवर. जमिनीवरची जागा रिकामी होती. तिकडे आम्ही दोघांनीही पाहिलं नाही.

खेळ सुरू झाला. आणि सुरुवातीलाच, मागच्या भागात काय घडलं ते दाखवतात ना, तसं दाखवायला लागले. तीच मुलगी, तोच बोळ, तेच दार. माझा हात थांबला. पण माझ्या हातात काही नव्हतंच, ते आपोआप चाललं होतं. त्या मुलीनं कडीला हातसुद्धा लावला नाही. लाथ मारली. दार फाडकन उघडलं, आत एक मोठं, ओबडधोबड, पिवळ्या दातांचं जनावर, आणि तिनं बंदूक काढून त्याचा भुगा केला. मागे ढोल वाजले. मोठ्या अक्षरात नाव आलं.

आम्ही उन्हाळाभर जे दार उघडलं नव्हतं, ते त्यांनी आम्हाला न विचारता पाणी प्यायच्या वेळात फोडून टाकलं होतं.

मागून अप्पांचा आवाज आला. "एवढंच होतं होय त्यात?"

पुढे मी खेळत राहिले, कारण थांबले असते तर वळून त्यांच्याकडे बघावं लागलं असतं. बॅटरी आता लख्ख होती. हातात बंदूक, कमरेला दुसरी, पाठीवर तिसरी. पोतं उपडं करून बटाटे ओतावेत तशी भुतं अंगावर येत होती आणि तशीच मरत होती. कपाटं होती, पण त्यांत आता शिरता येत नव्हतं, त्यांत गोळ्या ठेवलेल्या होत्या. कुणी पाय ओढत नव्हतं, सगळे पळत होते. एकही दार कुणी हातानं उघडत नव्हतं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती म्हणतात, पण मारुतीचा तरी काही उपयोग असतो. कुणी मागितली होती यांना बंदूक? तिच्या हातात काही नव्हतं म्हणून तर आम्ही तिघं एकमेकांना चिकटून बसलो होतो. काय वाट्टेल ते करा, चित्रं चांगली काढा, आवाज मोठे करा, पण तिला एकटीला पुरेशी करू नका, एवढं यांना कसं कळलं नाही? माझं मनगट मोकळं होतं. मी सगळ्यांना मारत होते, प्रत्येक वेळी जिंकत होते, आणि मला रडू येत होतं.

"छान आहे," अप्पा म्हणाले. "चित्रं फार स्पष्ट झाली आहेत."

स्वच्छ मराठीत म्हणाले. पाहुण्यांच्या घरी बेचव भाजीला म्हणतात तसं. इतक्या लांबून कॉम्प्युटर घेऊन आलेल्या मुलीचं मन मोडू नये म्हणून. मी खेळ बंद केला. चादर काढायला उठले तर ते म्हणाले, "तुझ्या आईला रिकामी खोली सांगितलीस ते बरं केलंस." मग काठी घेऊन अंगणात गेले. तो खेळ मी पुन्हा लावला नाही.

किती वर्षं मी त्या खेळ करणाऱ्यांवर चिडून होते. ऑफिसात पोरं त्या दुसऱ्या भागाचं कौतुक करायची, वेग बघा, हत्यारं बघा, आणि मी एखाद्या भावकीच्या भांडणात उतरावं तशी तावातावानं भांडायचे. त्यांना वाटायचं, बाईंचं खेळांवर फार प्रेम. मलाही तसंच वाटू द्यायला बरं पडायचं. कारण खेळाचा दोष नाही म्हटलं, की मग दोष कुणाचा ते शोधावं लागलं असतं. आई गेल्यावर जे दार अप्पांपुढे उघडलं होतं, त्यानंतर कुठल्याही बंगल्यातलं कुठलंही दार त्यांना घाबरवू शकलं नसतं. पहिला भाग जसाच्या तसा आणला असता तरी ते "छान आहे" म्हणाले असते. हे मला तेव्हाही कळत होतं. फक्त खेळावर रागावणं सोपं होतं.

मला हवा होता तो आवाज मला मिळाला, हेही सांगून टाकते.

गेल्या उन्हाळ्यात अप्पांच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं. मी तोवर बदली घेऊन इकडे आले होते, रायापूरला हे घर केलं होतं, त्यांची खोली पुढच्या बाजूला ठेवली होती. ऑपरेशनच्या दिवशी दुपारी त्यांना स्ट्रेचरवरून नेत होते, मी बाजूनं चालत होते. ते शांत होते. सिस्टरशी नीट मराठीत बोलले, तिचं गाव विचारलं. बोळ लांब होता, आणि टोकाला ते दार. मागून कुणीतरी चप्पल फरफटत येत होतं. स्ट्रेचर दारापाशी थांबलं, आणि अप्पांनी माझं मनगट गच्च धरलं.

"ब्याड अव्वा," ते म्हणाले. "बागला तगीब्याड."

तोच बारीक आवाज. इतकी वर्षं ज्याच्यासाठी मी जीव टाकला होता तो. पण या वेळी मागे हसायला आई नव्हती आणि जाण्यासारखा करंट नव्हता. माझ्या हातात काहीच नव्हतं. मी खाली वाकले आणि त्यांच्या कानाशी म्हणाले, "काही नाही अप्पा. रिकामी खोली आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मोसंबी सोलता सोलता पाहिलं होतं, अगदी तसंच. मग हळूहळू माझं मनगट सोडलं. दार आतून कुणीतरी उघडलं, त्यांना आत नेलं, आणि ते परत आले नाहीत.

आत्ता या क्षणी करंट गेला आहे. पंखा फिरतो आहे. अप्पांची पुढची खोली बंद आहे, आणि मी अजून ती उघडलेली नाही.